चोविसावी नळी कुठं बसवायची? (बर्फातले काचेचे गोळे आणि त्यांची मांडणी)

बिनचष्म्याचा
शुक्रवार, रात्री ९:४०

लोकहो, 'दिवसभर नेमकं करता काय' या धाग्यावर मी "काचेच्या गोळ्यात नळ्या मांडतो" एवढंच लिहून सटकलो होतो. त्यावर दोघांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून झुंबरांचा धंदा आहे का असं विचारलं. एकानं तर दिवाणखान्याचं माप पाठवलं. झुंबरं नाहीत हो. म्हणून हा धागा.

मी सांगलीचा, शिक्षण मेकॅनिकलचं, गेली सहा वर्षं जर्मनीत. एका विद्यापीठात कणभौतिकीवाल्यांसाठी यांत्रिक आराखडे काढतो. भौतिकी मला कामापुरती येते, घसरलो तर जाणकारांनी सावरून घ्या.

प्रयोगाचं नाव आईसक्यूब, काम न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण टिपायचं. दक्षिण ध्रुवावर अमेरिकेचं अमुंडसेन-स्कॉट ठाणं आहे, त्याच्या शेजारी बर्फात ८६ भोकं पाडून प्रत्येकात एक केबल सोडलेली आहे. केबलला ६० काचेचे गोळे, सगळे मिळून ५१६०. सगळ्यात वरचा गोळा १४५० मीटर खोल, सगळ्यात खालचा २४५० मीटर. शेवटची केबल डिसेंबर २०१० मध्ये गेली. भोकातलं पाणी गोठलं की गोळे कायमचे बर्फात. साधारण एक घन किलोमीटर बर्फ आणि त्यात हे डोळे.

न्यूट्रिनो कशालाच अडत नाही, पृथ्वीतून आरपार जातो. एखादाच कधीतरी बर्फातल्या अणूवर आदळतो. त्यातून निघालेला भारित कण बर्फात उजेडाच्याही पुढे धावतो (बर्फात उजेड मंदावतो, म्हणून हे जमतं) आणि मागे निळसर प्रकाश सोडतो. तो टिपायचा, आणि कुठल्या गोळ्याला किती नॅनोसेकंदांनी आधी दिसला त्यावरून कण कुठून आला ते काढायचं.

जुन्या गोळ्यात एकच डोळा. १० इंची फोटोमल्टिप्लायर ट्यूब (मंदातला मंद उजेड टिपून त्याचा विजेचा इशारा करणारी), तोंड खाली. (यापुढे मी नुसतं 'नळी' म्हणेन. खरं तर ती दिसते मोठ्या बल्बसारखी: पुढे फुगीर तोंड, मागे मान.) आता त्याच प्रयोगात मधल्या भागात ७ नव्या केबली घालायचं काम निघालं, त्याला सगळे सरळ 'अपग्रेड' म्हणतात. मूळ बेत २०२२-२३ च्या दक्षिणी उन्हाळ्याचा होता, महामारीनं तो २०२५-२६ वर ढकलला. जुन्या केबली एकमेकींपासून सव्वाशे मीटरवर आणि गोळे १७ मीटरवर. नव्यांत केबली वीसेक मीटरवर आणि गोळे ३ मीटरवर. अशी दाटी कशाला? तर यावेळी कमी ऊर्जेचे न्यूट्रिनो बघायचेत. न्यूट्रिनोच्या धडकेतून निघालेल्या एका जीईव्हीच्या (जीईव्ही हे ऊर्जेचं माप) म्यूऑन या भारित कणाची धाव बर्फात साडेचार-पाच मीटर. १७ मीटरच्या जाळीतून तो मासा सुटतोच.

नव्या गोळ्यांत मुख्य जाती दोन. जपानी मंडळींचा 'डीएग': अंड्याच्या आकाराचा, आत ८ इंची दोन नळ्या, एक वर तोंड करून, एक खाली. आणि जर्मनी-मिशिगनकडचा 'एमडॉम': आत ३ इंची २४ नळ्या, सगळीकडे तोंडं. माझा संबंध दुसऱ्या जातीशी. तोही लांबचाच. आमच्या गटानं सरावासाठी जे प्रतिरूप गोळे केले त्यांची मांडणी माझ्याकडे होती. ध्रुवावर माझं काही गेलेलं नाही, उगाच मोठेपणा नको.

आता मुद्द्याचं. लोकांना वाटतं मांडणी म्हणजे गोळ्यात जास्तीत जास्त नळ्या कोंबणं, दिवाळीच्या डब्यात लाडू भरतात तसं. मलाही वाटलं होतं. प्रत्यक्षात गोळ्याचं माप तुमच्या हातात नसतं, ते भोक ठरवतं. भोक पाडतात गरम पाण्याच्या झोतानं: साठेक सेंटिमीटर रुंद, अडीच किलोमीटर खोल. पाणी तापवायला इंधन लागतं आणि ध्रुवावर इंधनाचा थेंब न् थेंब बाहेरून न्यावा लागतो. गोळा चार बोटं वाढवला की भोक वाढतं, भोक वाढलं की इंधन. म्हणून एमडॉमची रुंदी ३५६ मिलिमीटरवर अडकली. उंची मात्र ४११, कारण दोन अर्धगोलांच्या मध्ये एक बुटका सरळ पट्टा आहे. उंची वाढवायला भोक आडवं येत नाही. डीएगवाले तर आणखी हुशार, त्यांनी रुंदी ३० सेंटिमीटरवर आणली आणि लांबी अर्ध्या मीटरच्या पुढे नेली.

दुसरी अडचण मानांची. २४ नळ्या बाहेर तोंड करून लावल्या की २४ माना गोळ्याच्या मध्याकडे येतात. बाहेरून बघितलं तर ऐसपैस जागा, आत कुंभमेळा. आणि तिथंच मुख्य सर्किट बोर्ड, वीजपुरवठा, कॅमेरे, एलईडी, सगळं बसवायचंय. हामामात्सू कंपनीकडून नळी थोडी आखूड करून घेतली गेली ती याचसाठी. काही मिलिमीटरच, पण चोवीस दिशांनी.

माझी फजिती सांगतो. संगणकावर माझा आराखडा पक्का होता. कोण कोणाला धडकत नाही हे तपासणारा प्रोग्राम हिरवा दिवा दाखवत होता. नळ्या धरून ठेवणारं मखर थ्रीडी प्रिंटरवर छापून आलं. जोडणीला आमच्याकडच्या एक तंत्रज्ञ बाई बसल्या, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या, हात अगदी सोनाराचा. तेवीस नळ्यांच्या वायरी त्यांनी बोर्डात खोचल्या. चोविसावी हातात धरली, गोळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "माझा हात कुठून घालू?"

नळीला जागा होती, वायरीला जागा होती. बोटांना नव्हती.

आराखड्यात हात काढायचा असतो हे मला कुणी शिकवलं नव्हतं. बोर्डाची कनेक्टरं मधून काढून कडेला आणणं, बोर्ड फिरवणं, वायरींना ढिलाई देणं यात पुढचे दोन महिने गेले. आता मी आराखड्यात एक पंजा टाकून ठेवतो. बाईंच्याच हाताच्या मापाचा.

विचारा काय विचारायचं ते.

---

शेंगदाणा
शुक्रवार, रात्री १०:०५

पहिला! वाचनखूण साठवली. "आत कुंभमेळा" ला दंडवत.

शंका: एकच मोठी नळी असताना २४ छोट्या कशाला? बारीक नळ्या म्हणजे बारीक डोळे ना?

---

तांबडा_रस्सा
शुक्रवार, रात्री १०:२०

+१. आणि गोलच कशाला? चौकोनी डबा केला तर नळ्या रांगेत बसतील, बोर्ड सपाट बसेल, बाईंचा हातही जाईल.

---

बिनचष्म्याचा
शुक्रवार, रात्री १०:५२

@शेंगदाणा, हिशोब सोपा आहे. तोंडाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर जातं. १० इंचीचे १०० धरा. ३ इंचीचे ९, गुणिले २४, म्हणजे २१६. दुपटीच्या वर गेलो, आणि गोळा रुंदीला जुन्यापेक्षा फक्त दोन-अडीच सेंटिमीटर मोठा. डीएगचं बघा: ८ चा वर्ग ६४, दुप्पट १२८.

दुसरं, मोठी नळी सांगते "उजेड आला". चोवीस नळ्या सांगतात "उजेड या बाजूनं आला". तिसरं मला जास्त आवडतं. नळी अंधारातही अधूनमधून खोटं बोलते, शिवाय गोळ्याच्या काचेत पोटॅशियमचे किरणोत्सारी अणू असतात, त्यांचाही उजेड पडतो. एकटी नळी खरं-खोटं कसं करणार? शेजारच्या दोन-तीन नळ्या काही नॅनोसेकंदांच्या आत एकदम बोलल्या तर बहुधा काहीतरी घडलंय. (काचेतला अणूही कधी दोन शेजारणींना एकदम उठवतो, ती डोकेदुखी आहेच.)

@तांबडा_रस्सा, चौकोनी डबा दोन किलोमीटर खोल पाण्यात सोडला की त्याचा पापड होईल. शिवाय भोक कडेनं आणि वरून आधी गोठतं, उरलेलं पाणी मधे कोंडतं, आणि पाणी गोठताना फुगतं. तेव्हाचा दाब नुसत्या खोलीच्या दाबापेक्षा कितीतरी जास्त चढतो. म्हणून काच ७०० बारचा दाब सोसणारी. आणि दाब वाटून घ्यायला गोलासारखा गडी नाही.

---

गणितमावशी
शनिवार, सकाळी ७:१५

चहा गार झाला हा धागा वाचताना.

गोलावर २४ ठिपके एकमेकांपासून जास्तीत जास्त लांब कसे मांडायचे हा जुना प्रश्न आहे. टाम्स नावाच्या डच वनस्पतिशास्त्रज्ञानं १९३० मध्ये तो परागकणांवरच्या छिद्रांवरून काढला. २४ चं उत्तर १९६१ मध्ये रॉबिन्सननं सिद्ध केलं: स्नब क्यूबचे कोपरे. घनाची सहा तोंडं जरा बाहेर ओढून प्रत्येकाला एकाच बाजूला पीळ दिल्यावर जे होतं ते. शेजारच्या दोन ठिपक्यांतला कोन ४३.७ अंश. याहून चांगलं कुणालाच जमणार नाही.

मग तुमच्या गोळ्यात हीच मांडणी आहे का? नसेल तर का नाही?

---

बिनचष्म्याचा
शनिवार, सकाळी ११:३०

मावशी, पाय कुठे आहेत तुमचे! पहिल्या आठवड्यात मी नेमका हाच शहाणपणा साहेबांपुढे मांडला होता. ते हसले आणि म्हणाले, "आता हा गोळा मधोमध काप."

कापून बघा. स्नब क्यूबचे ठिपके चार-चारच्या सहा थरांत येतात. मधले दोन थर विषुववृत्ताच्या जेमतेम साडेचौदा अंश वर आणि खाली. नळीला बसायला दोन्हीकडे जवळपास बावीस अंश लागतात. म्हणजे आठ नळ्या विषुववृत्त ओलांडून बसणार. आणि विषुववृत्तावरच काचेचे दोन अर्धे एकमेकांना टेकतात! नळी अर्धी वरच्या वाटीत, अर्धी खालच्या. जेल ओतायचं कसं, जोडायचं कसं?

म्हणून एमडॉममध्ये प्रत्येक अर्ध्यात १२ नळ्या: ध्रुवाजवळ ४ चं कडं, विषुववृत्ताजवळ ८ चं. वरून खाली ४, ८, ८, ४.

---

गणितमावशी
शनिवार, दुपारी १२:१०

थांबा थांबा. ४, ८, ८, ४ म्हणजे रॉम्बिक्युबोक्टाहेड्रॉन! (एका दमात म्हणून दाखवणाऱ्याला माझ्याकडून चहा.) त्याचेही कोपरे २४ च. आत्ता पाटीवर काढलं: शेजाऱ्यांतला कोन ४१.९ अंश, आणि मधल्या आठ-आठची कडी विषुववृत्तापासून २०.९ अंशांवर, म्हणजे नळी विषुववृत्ताला नुसती टेकते, ओलांडत नाही.

४३.७ च्या जागी ४१.९. जेमतेम दोन अंश सोडले आणि गोळा सरळ कापता आला. हा सौदा मला पटला. शाळेत असताना हे उदाहरण मिळालं असतं तर पोरांना घनाकृती शिकवताना घसा बसला नसता.

---

बिनचष्म्याचा
शनिवार, दुपारी १२:४०

अगदी हेच. त्यात मधला सरळ पट्टा असल्यामुळे विषुववृत्तापाशी आणखी श्वास घ्यायला जागा होते. तंतोतंत तुमची आकृती नाही, पण भावंड नक्की.

पुढचा गुंता: प्रत्येक नळीच्या तोंडाभोवती चकचकीत धातूची कॉलर असते, कडेनं निसटणारा उजेड आत वळवायला. कॉलर रुंद केली की समोरून जास्त उजेड मिळतो, पण तिरक्या उजेडाला तीच आड येते. दोन नळ्यांमधला तो फाटका कोपरा कुणाला द्यायचा यावर आमच्याकडे तीन बैठका झाल्या. भाऊबंदकीच. बांधावरून.

---

कुलाबाकर
शनिवार, सायंकाळी ६:०५

छान धागा. निवृत्त आहे, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) आसपास बरीच वर्षं गेली.

तोंड कुठं करायचं यावरून कोलार आठवलं. १९६५ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत सव्वादोन किलोमीटरच्याही खाली टीआयएफआर, डरहॅम आणि ओसाकाच्या मंडळींनी वातावरणातला न्यूट्रिनो पहिल्यांदा पकडला. निबंध छापून आला १५ ऑगस्ट १९६५ ला. अमेरिकन शास्त्रज्ञ राइन्सच्या दक्षिण आफ्रिकेतल्या गटाचा त्याच महिन्याच्या शेवटी.

मांडणीचा मुद्दा असा. एवढ्या खोलीवरही वरून थोडे म्यूऑन झिरपतातच, ते सरळ खाली येतात. न्यूट्रिनोनं केलेले म्यूऑन मात्र आडवेही येतात. म्हणून कोलारला डिटेक्टर जमिनीवर सतरंजीसारखा पसरला नव्हता. दोन भिंती समोरासमोर उभ्या केल्या होत्या आणि आडवा येईल त्यालाच पकडायचं. अख्खा प्रयोग त्या 'उभ्या' शब्दावर उभा होता.

जुना आईसक्यूब खाली बघत होता, तुमचा गोळा चौफेर बघतो. असं का बदललं, ते जरा विस्कटून सांगा.

---

बिनचष्म्याचा
शनिवार, रात्री ८:३०

काका, आपण लिहिलंत हे भाग्य.

जुन्या वेळी मुख्य भर पृथ्वीतून वर येणाऱ्या न्यूट्रिनोंवर होता. पृथ्वी म्हणजे फुकटची गाळणी, तिच्यातून न्यूट्रिनोखेरीज काही येत नाही. म्हणून तोंड खाली. पण बर्फात उजेड इतका विखुरतो की खाली बघणाऱ्या नळीलाही वरून आलेला उजेड फिरून-फिरून दिसतोच, फक्त आला कुठून ते विसरून. नव्या केबलींत गोळे दाट, त्यामुळे उजेड फार न विखुरता पोचतो. दिशा शिल्लक असतानाच पोचतो म्हणा. मग ती वाचणारे डोळे सगळीकडे हवेत.

भूमध्य समुद्रातल्या केएमथ्रीनेट या न्यूट्रिनो टिपणाऱ्या प्रयोगाचं उलट आहे. त्यांचा गोळा १७ इंची, आत ३ इंची ३१ नळ्या: खालच्या अर्ध्यात १९, वरच्यात १२. वरच्यात नळ्या कमी कारण तिथं सर्किटं आणि त्यांची उष्णता समुद्राला देणारा ॲल्युमिनियमचा सांगाडा बसवलाय. सहा-सहाची पाच कडी आणि तळाला एकटी एक.

---

तांबडा_रस्सा
शनिवार, रात्री ९:००

मग त्यांच्या ३१ आणि तुमच्या २४? समुद्रवाले पुढे गेले की.

---

बिनचष्म्याचा
शनिवार, रात्री ९:१८

त्यांना भोक पाडायचं नाही ना राव. समुद्रात गोळा केवढाही सोडा. शिवाय प्रत्येक नळी वाढली की वीज वाढते, आणि आमची वीज अडीच किलोमीटरच्या तारेनं खाली जाते.

---

जुना_डबा
शनिवार, रात्री ११:४५

वाचनमात्र असतो, पण इथं राहवलं नाही. गोल गोळ्याचं निदान कोऱ्या कागदावर तरी आहे. सर्न या जिनिव्हाजवळच्या प्रयोगशाळेतल्या सीएमएस प्रयोगाच्या बाहेरच्या हॅड्रॉन कॅलोरिमीटरची (कणांची ऊर्जा मोजणारं उपकरण) कथा वेगळी. त्याचे सिंटिलेटर (कण गेला की चमकणारे तुकडे) मुंबईत टीआयएफआरमध्येच बनले. त्यातला उजेड वाचायला हायब्रिड फोटोडायोड होते आणि भोवतीच्या चुंबकीय क्षेत्रात ते ठिणग्या टाकायचे. २०१३-१४ च्या बंद काळात त्यांच्या जागी सिलिकॉनचे डिटेक्टर बसवले. पण डबा तोच, फायबर त्याच भोकांतून येणार, अठरा चॅनेल तेच. जुन्या वाड्यात अटॅच्ड संडास काढण्यासारखं. नवं घर बांधणं सोपं.

---

शेंगदाणा
रविवार, सकाळी ९:३०

अटॅच्ड संडास, मेलो!

बिनचष्म्याचा, ते जेल काय प्रकरण आहे? नुसता उल्लेख करून पुढे पळालात.

---

बिनचष्म्याचा
रविवार, दुपारी १:१०

जेल म्हणजे नळी आणि काच यांच्यामधलं पारदर्शक सिलिकॉन. मधे हवा राहिली तर बराच उजेड काचेवरूनच परत फिरतो. दोन द्रव मिसळायचे, निर्वात पेटीत ठेवून त्यातली हवा काढायची (असा फसफसतो की पहिल्यांदा भांड्याबाहेर गेला होता), मग मखरातल्या नळ्या वाटीत उतरवून ओतायचा. काही तासांत घट्ट होतो. बोट लावलं तर थेट खरवस. तसाच थरथरतो, तसाच कडेनं सुटतो.

एका प्रतिरूप गोळ्यात मखराखाली हवा अडकली, वर यायला वाट ठेवायची राहिली होती. चूक माझीच. दुसऱ्या दिवशी एका नळीपुढे चवलीएवढा चंदेरी ठिपका. काढता येत नाही. गोळा शीतकपाटात उणे चाळीसला ठेवल्यावर चवलीचा रुपया झाला. आता मखराच्या प्रत्येक कप्प्याला वरच्या बाजूला बारीक वाट ठेवतो. तेवढी वाट ठेवायला दोन कॉलरी कापाव्या लागल्या. म्हणून म्हटलं, भाऊबंदकी.

---

करदाता
रविवार, दुपारी ३:००

हे सगळं ठीक, पण अशा संशोधनाचा सामान्य माणसाला उपयोग काय? एवढ्या पैशात किती गावांना पाणी

---

कुलाबाकर
रविवार, दुपारी ३:२०

याला वेगळा धागा काढा, मी येतो तिथं. इथं गोळ्यांबद्दल बोलू द्या.

---

बोअरवाले_नाना
रविवार, रात्री ८:१५

राम राम मंडळी. पोरानं हा धागा वाचून दाखवला. आमचं काम लातूरकडं, बोअरच्या मोटरी सोडायचं आन अडकलेल्या काढायचं. तीस वर्सं झाली. भौतिकी काय कळत नाही पन भोकात काय सोडायचं म्हनलं की कान टवकारतात.

साडेसहा इंची बोअर असली तर मोटर बोअरच्या मापाची घेत नाहीत, चांगली सुटी घेतात. कारन बोअर कधी सरळ नसती, आन मोटरीबरोबर केबल बी जाती. गिऱ्हाईक मोटरीचं माप सांगतंय, केबलचं इसरतंय. आन मग मोटर अडकली म्हनून आम्हाला फोन.

तर माझं दोन प्रश्न. तुमची केबल गोळ्याच्या आतनं जाती का बाजूनं? बाजूनं जात असंल तर त्या बाजूच्या नळीला काय दिसतंय? दुसरं, गोळा भोकात मधी ऱ्हातो का कडंला टेकतो?

---

बिनचष्म्याचा
रविवार, रात्री ९:४०

नाना, नमस्कार. हे दोन्ही प्रश्न आमच्या बैठकीत यायला बराच वेळ लागला होता, तुम्ही एका वाचनात काढलेत.

केबल बाजूनं जाते. गोळ्याच्या कमरेला पट्टा असतो, त्याला धरून. काचेच्या आतून नाही नेता येत, भोक पाडलं की काच दाबाला कच्ची होते, त्यामुळे जोडणीपुरतं एकच भोक ठेवतात. म्हणजे सावली पडतेच. जुन्या गोळ्याला एकच डोळा, त्याला सावली कुठल्या बाजूला हे कळायचंच नाही. चोवीस असले की केबलमागची नळी मंद दिसते आणि गोळा कुठल्या बाजूला वळून गोठलाय याचा अंदाज येतो.

दुसरं: मधे राहील याची खात्री नाही. आणि त्यात आणखी गंमत. भोक कडेनं गोठत आत येतं, पाण्यात विरघळलेली हवा बर्फ पुढे-पुढे ढकलत नेतो आणि शेवटी मधोमध बुडबुड्यांचा पांढरा खांब होतो. भोवतालचा बर्फ आरशासारखा स्वच्छ, आणि नेमका गोळ्याला चिकटून हा दुधी खांब. नव्या गोळ्यांत कॅमेरे ठेवलेत ते अशाच गोष्टी बघायला.

आमच्या सरावाच्या गोळ्यात वाद असा चाललाय की केबल नेमकी दोन नळ्यांच्या फटीसमोर आणायची, म्हणजे सावली दोघींत थोडी-थोडी वाटली जाईल. की एका नळीच्या अगदी समोर, म्हणजे एकच आंधळी होईल आणि बाकी तेवीस स्वच्छ. मी फटीच्या बाजूचा. उद्या चाचणी लावतोय. केबलच्या जागी त्याच जाडीचा काळा प्लास्टिकचा पाईप बांधणार, अंधाऱ्या खोलीत दिवा गोळ्याभोवती फिरवणार आणि कुठल्या नळीला किती कमी दिसतं ते मोजणार.

---

बोअरवाले_नाना
रविवार, रात्री १०:०५

पाईप नका बांधू. पाईप सरळ ऱ्हातो. केबल गुंडाळीवरनं येती, तिला पीळ आस्तो. दोन्हीकडनं धरली तरी मधी पोट काढती आन सरकती. तुम्ही फटीवर बांधताल, ती जाऊन नळीपुढं बसंल. खरी केबल घ्या, वरनं वजन लटकवा, एक रात ऱ्हाऊ द्या, मग सकाळी मोजा कुठं गेली ती.

---

बिनचष्म्याचा
रविवार, रात्री १०:२०

नाना, आत्ता आराखडा उघडून बघितला. केबल मी सरळ रेघ काढलेली आहे.

उद्या पाईप नाही. गोदामात खऱ्या केबलचा तीन मीटरचा तुकडा आहे, तो मागतो. वजन किती लटकवू?